आईला परकर-पोलक्यातल्या मुली दिसतात. डोळा पाहतो की मन?

नौपाड्याची लेक

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आई ८१ वर्षांची आहे. आम्ही नौपाड्यात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. याच घरात आईने पस्तीस वर्षं शिवणकाम केलं. लहान मुलींचे परकर-पोलके हा तिचा हातखंडा. दिवाळीआधी महिनाभर रात्री दीड-दोनपर्यंत मशीन चालायचं आणि आम्ही भावंडं त्या आवाजातच झोपायचो. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर एखादी नटलेली मुलगी समोरून आली, की आई वीस पावलांवरून सांगायची, "हा माझा परकर." कशावरून, तर चुण्यांवरून. काठाचं नक्षीकाम एका चुणीवरून पुढच्या चुणीवर जुळून आलं पाहिजे, यासाठी ती आख्खा घेर उसवून पुन्हा शिवायची.

गेली सहा वर्षं तिला दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं झाली, डाव्याला उशीर झाला होता. मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं दिसतं. मी समोर बसले तर माझा चेहरा तिला दिसत नाही, पण दारातून कुणी आलं तर कळतं. चहाचा कप बोटांनी शोधते.

श्रावणातल्या एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. आई कॉटवर बसून भिंतीकडे बघत होती. एकदम म्हणाली, "अगं, या मुली कुणाच्या?" खोलीत आम्ही दोघीच. मी विचारलं, कुठल्या मुली? तर म्हणाली, तीन आहेत, गुडघ्याएवढ्या, कपाटाशी उभ्या आहेत, काही बोलत नाहीत. परकर-पोलकी घातलीयत, एकीचा अंजिरी, दोघींचे हिरवे. "आणि अगं, जरीचा एकेक धागा दिसतोय मला." जिला माझं तोंड दिसत नाही, तिला जरीचा धागा दिसतोय.

मग हळूहळू तिने सांगितलं की हे शिमग्यापासून चाललंय. कधी मुली, कधी फेटे बांधलेली माणसं भिंतीच्या कडेने ओळीने जातात, कधी आख्ख्या छतावर विटांची जाळी पसरते. आवाज कधीच नाही. मी म्हटलं, आई, पाच महिने बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मला तिकडे नेऊन ठेवाल म्हणून." उभ्या महाराष्ट्रात 'ठाण्याला पाठवा' याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही तर ठाण्यातच राहतो. त्या एका भीतीपायी ती पाच महिने त्या मुलींसोबत एकटी बसून होती. हे आठवलं की मला अजून गलबलतं.

मावशी म्हणते पितर आलेत, पितृपक्षात नीट पान वाढा. मावशीशी मी वाद घातला नाही. माझा मुलगा नवी मुंबईत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "सोपं आहे. आजी हॅल्युसिनेट करतेय, चॅटबॉट करतात तसंच. डेटा कमी पडला की मॉडेल मनाने भरतं." हे आईने ऐकलं. रात्री मला विचारलं, "मॉडेल म्हणजे काय गं? मी बिघडलेय का?"

मी पतपेढीत हिशेब बघते, या विषयातलं मला काही कळत नाही. म्हणून विचारते. एक, हे वेड आहे का? दोन, डोळ्यातून काही येतच नसताना जर इतकं रेखीव दिसू शकतं, तर एरवी आपण सगळे जे बघतो ते कुठून येतं? आणि तीन, माझ्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे का? आईचं मन म्हणजे कमी डेटावर चालणारं यंत्र, असं समजून मी तिच्याशी वागू शकत नाही. पण ते खरं असेल तर मला कळायला हवं.

---

वाशीची चष्मेवाली

ताई, आईने तुम्हाला सांगितलं हे फार मोठं काम झालं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, वाशीत सतरा वर्षं डोळे तपासतेय. पडद्याचा आजार असलेल्या आजी-आजोबांना मी आता स्वतःहून विचारते, "नसलेलं काही दिसतं का? बऱ्याच जणांना दिसतं." हे दुसरं वाक्य जोडल्याशिवाय कुणीही हो म्हणत नाही. ते जोडलं की काही जण रडतात, इतके दिवस दाबून ठेवलेलं असतं.

इथे बसून निदान करणं बरोबर नाही. पण नजर गेलेली, बुद्धी शाबूत, चित्रं मुकी, बुटकी माणसं, नटलेले कपडे, विटांची जाळी, आणि हे खरं नाही याची जाणीव, या सगळ्याला मिळून एक नाव आहे: चार्ल्स बॉनेट सिंड्रोम. बॉनेट हा जिनिव्हाचा निसर्ग-अभ्यासक. त्याच्या आजोबांची नजर मोतीबिंदूने खूप कमी झाली होती, वय नव्वदीला टेकलेलं, आणि त्यांना माणसं, पक्षी, घोडागाड्या, इमारती दिसायच्या. डोकं एकदम ठिकाणावर होतं, हे सगळं खरं नाही हेही ते जाणून होते. नातवाने हे १७६० मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे तुमच्या आईच्या आधी निदान अडीचशे वर्षं माणसं हे बघत आली आहेत.

का होतं? डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात. मधला पडदा गेला की त्यातल्या फार महत्त्वाच्या तंतूंवरून काही येईनासं होतं. पण मेंदूचा जो भाग ऐंशी वर्षं तिथून निरोप घेत होता तो जिवंत असतो. निरोप थांबला की तो आपणहून चेतू लागतो. १९९८ मध्ये लंडनला डॉमिनिक फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. भासात रंग दिसत होते तेव्हा मेंदूचा रंगांचा भाग जागा होता, चेहरे दिसत होते तेव्हा चेहऱ्यांचा. आपण डोळे मिटून आंबा मनात आणतो तसलं हे नाही. पाहण्याची जी यंत्रणा खरा आंबा बघताना चालते, तीच इथे चालते. म्हणून आईंना जरीचा धागा दिसतो: त्यांचा पडदा खराब आहे, पण धागा 'दिसवणारा' मेंदू ठणठणीत आहे.

आता कामाचं. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि एकदा फिजिशियनला दाखवाच. गेल्या वर्षभरात कुठलं नवीन औषध सुरू झालं का, लघवीला इन्फेक्शन आहे का, हात थरथरतात का, चालणं मंदावलंय का, दिवसाकाठी कधी चांगल्या कधी गोंधळलेल्या असं होतं का, हे तपासायला हवं. काही आजारांतही माणसं दिसतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. आवाज ऐकू यायला लागले किंवा त्या मुलींना जेवायला वाढू लागल्या, तर थांबू नका.

घरी करण्यासारखं: मुली दिसल्या की खोलीतला दिवा लावा, लावलेला असेल तर बंद करा. डोळे भराभर डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगा, पापण्यांची उघडझाप करायला सांगा. हात पुढे करून मुलीला स्पर्श करायला सांगा. अनेकांचे भास एवढ्याने विरतात, आणि पुष्कळांचे काळाबरोबर आपोआप कमी होतात. "तिथे काही नाहीये" असं मात्र पुन्हा पुन्हा म्हणू नका. त्यांना ते माहीत आहे.

मुलाला एक प्रयोग करायला सांगा. कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठसठशीत ठिपका काढायचा. डावा डोळा झाकून उजव्याने फक्त फुलीकडे बघत कागद फूटभर अंतरावर पुढेमागे करायचा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. पडद्यातून नस जिथे बाहेर पडते तिथे आपल्या प्रत्येकाचा डोळा आंधळा आहे, फ्रान्सच्या मारिओतने हे सतराव्या शतकातच दाखवलं. पण तिथे काळं भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. ठिपक्यामधून रेघ ओढली असेल तर अखंड रेघ दिसते. तिथली रेघ कुणी भरली? त्याच्या आजीचं जे होतंय त्याचा छोटा तुकडा त्याच्याही डोळ्यात जन्मापासून आहे.

---

ऐरोली सेक्टरवाला

ताई, मी गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचणाऱ्या कॅमेऱ्यांवर नऊ वर्षं काम करतोय. तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी लिहितो.

आमच्या यंत्रणेला पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या प्लेटा वाचता यायच्या नाहीत. आपल्याकडच्या गाड्या बहुतेक एमएच ०४, एमएच ४३, एमएच ०५. म्हणून आम्ही तिच्यात एक अपेक्षा घातली: पहिली दोन अक्षरं बहुधा एमएच असतात. वाचन लगेच सुधारलं. मग एका जुलैत गुजरातचा ट्रक आला, जीजे ही अक्षरं चिखलाखाली, आणि यंत्रणेने बेधडक एमएच लिहिलं. जे नव्हतं ते तिने वाचलं. मी दोन दिवस त्या एका फोटोसमोर बसून होतो. ती अपेक्षा काढली की ट्रक बरोबर येतो, पण मग शेकडो पुसट प्लेटा चुकतात. चूक आणि अचूकपणा एकाच मुळातून येत होते.

डोळ्यांबद्दल हीच गोष्ट जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने १८६० च्या दशकात मांडली. डोळ्यात पडणारी प्रतिमा सपाट, अपुरी, संदिग्ध असते. तिच्यावरून जगात काय असावं याचा निष्कर्ष मन काढतं, आणि आपल्या नकळत काढतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. एरवी आपण बघतो तेही अंदाजच असतात. फरक इतकाच की जग त्यांना क्षणोक्षणी दुरुस्त करत असतं. १९९९ मध्ये राजेश राव आणि डॅना बॅलर्ड यांनी याचं गणिती प्रारूप केलं: वरून खाली अंदाज येतो, खालून वर जाते ती फक्त चूक. आईंच्या नजरेच्या मध्यभागी ती दुरुस्तीच पोचत नाही. वाशीच्या ताईंनी सांगितलेलं आपणहून चेतणं आणि हे, मला वाटतं, एकाच घराचे दोन दरवाजे आहेत.

आता यंत्र. १९६६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एमआयटीमध्ये सेमूर पेपर्ट यांनी विद्यार्थ्यांसाठी एक आराखडा लिहिला: सुट्टीत कॉम्प्युटरला पाहायला शिकवण्याच्या कामाचा मोठा हिस्सा उरकू. पाहणं सोपं वाटत होतं, कारण आपल्याला त्याचे कष्ट जाणवत नाहीत. बुद्धिबळ अवघड वाटत होतं. प्रत्यक्षात १९९७ मध्ये यंत्राने कास्पारोव्हला हरवलं, आणि फोटोतलं मांजर भरवशाने ओळखायला त्यानंतर आणखी पंधरा वर्षं गेली. तुमच्या आई वीस पावलांवरून चुणी ओळखत होत्या, ते कुठल्याही बुद्धिबळापेक्षा अवघड गणित आहे. हे मी त्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय.

मुलाने जी तुलना केली तिच्या जवळ जाणारी खरी गोष्ट २०१५ ची आहे. चित्रं ओळखायला शिकलेलं कॉम्प्युटरचं जाळं (न्यूरल नेटवर्क) उलट्या दिशेने चालवलं, म्हणजे 'तुला जे किंचित दिसतंय ते वाढवत ने' असं सांगितलं, तर ढगांतून कुत्र्यांची तोंडं बाहेर येऊ लागली. कुत्रीच का? कारण ज्या चित्रांवर ते शिकलं होतं त्यांत कुत्र्यांच्या शंभरावर जाती होत्या. ते बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

पण इथे थांबून विचारायला हवं की साम्य नेमकं कुठे आहे. यासाठी मला डेव्हिड मार उपयोगी पडतो. पाहण्यावर आयुष्य लावलेला हा इंग्रज संशोधक १९८० मध्ये पस्तिसाव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, त्याचं पुस्तक १९८२ मध्ये मागाहून आलं. त्याचं म्हणणं, कुठल्याही अशा यंत्रणेला तीन वेगवेगळे प्रश्न विचारा. ती काय आणि कशासाठी करते? कुठल्या पद्धतीने करते? आणि कशाची बनली आहे? आपल्या टीएमटी बसमध्ये पूर्वी कंडक्टर तिकीट फाडून पंच करायचा, आता हातातल्या मशीनमधून कागद निघतो. वस्तू बदलली, पद्धत बदलली, पण काम तेच: अंतरावरून भाडं. याउलट एखादं मशीन हुबेहूब तसाच कागद छापतं पण भाडं मोजतच नाही, तर ते तिकीटयंत्र म्हणवणार नाही.

चॅटबॉटचं काम काय? पुढे कुठला शब्द यावा ते ठरवणं. तो खरं बोलतो तेव्हाही तेच करत असतो आणि खोटं बोलतो तेव्हाही तेच. तुमच्या आईंची पाहण्याची यंत्रणा कपाट कुठे आहे, पायरी कुठे आहे, कोण आलं, यासाठी बनली आहे. तिच्या एका भागाचा बाहेरचा धागा तुटलाय. मुलाने 'रिकामी जागा भरली' एवढं बघून दोन्ही एकच ठरवले. काम कशासाठी चाललंय हे त्याने विचारलंच नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: आईंनी तुम्हाला विचारलं की या मुली कुणाच्या. त्यांना दिसलं, तरी त्यांनी मानलं नाही. जेरी फोडोर या तत्त्वज्ञाने १९८३ मध्ये मनाच्या कप्प्यांचा विचार मांडला तो याच धाटणीचा होता. टोकांना बाण काढलेल्या दोन सारख्या रेघा घ्या, एकीचे बाण आत वळलेले, एकीचे बाहेर. पट्टीने मोजून त्या सारख्या आहेत हे कळलं तरी एक लांबच दिसत राहते. पाहणारा कप्पा जाणणाऱ्या कप्प्याचं ऐकत नाही. फोडोरचं सगळं म्हणणं आज टिकत नाही, वर सांगितलेला 'वरून येणारा अंदाज' त्याच्या विरोधातच जातो. पण तुमच्या आईंच्या बाबतीत जाणणारा कप्पा शाबूत आहे हे मला दिसतं. त्या बिघडलेल्या नाहीत, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

---

खारघरचे मास्तर

मी संस्कृत शिकवत असे, आता निवृत्त आहे. थोडं आपल्याकडचं.

दोरीवर साप दिसतो, हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकलेला असतो. पण त्यावर आपल्याकडे शतकानुशतकं किती कसून भांडण झालं हे फारसं सांगितलं जात नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणत, साप खोटा नाही. पूर्वी दुसरीकडे पाहिलेला खरा साप इथे, या दोरीवर दिसतो. प्रभाकराच्या मताचे मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे पंडित, म्हणत, चुकीचं ज्ञान असं काही नसतंच. समोर 'हे' दिसतं आणि मनात 'साप' आठवतो, या दोहोंतला भेद तेवढा त्या क्षणी कळत नाही. हा साधा शब्दच्छल नाही. दिसणं कुठे संपतं आणि आठवण कुठे सुरू होते, हाच तो प्रश्न.

तुमच्या आईंच्या बाबतीत अडचण अशी की दोरीच नाही. कपाटाशी काही नाही, आणि मुली आहेत. बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने नेमका हाच दाखला घेतला होता. तिमिर नावाच्या नेत्रविकाराने आजारी माणसाला नसलेले केस, नसलेला दुसरा चंद्र दिसतो. त्यावरून तो पार पुढे गेला: बाहेरचं जग मानायची गरजच काय, सगळं विज्ञानच, म्हणजे जाणिवेचाच खेळ. ऐरोलीच्या गृहस्थांनी 'आपण बघतो तेही अंदाजच' असं लिहिलं, त्याच्या पुढची पायरी हीच आहे. तिथे मी त्यांच्याबरोबर जात नाही. न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची व्याख्या करताना इंद्रिय आणि वस्तू यांच्या संबंधातून झालेलं ज्ञान असं म्हटलं आहे, आणि त्यात 'अव्यभिचारी' ही अट घातली आहे, म्हणजे वस्तूला सोडून न भटकणारं. त्या व्याख्येनुसार तुमच्या आईंना मुली 'दिसत' नाहीत, दिसल्यासारखं होतं. ही अट सोडली तर भास आणि दर्शन यांत फरकच उरत नाही, आणि मग डोळ्यांच्या दवाखान्याला तरी काय अर्थ?

---

पांढरी काठी

मी ठाण्यात दृष्टी गेलेल्या प्रौढांना काठीने चालायला शिकवतो. मास्तरांशी सहमत आहे, पण माझं कारण संस्कृतातलं नाही.

वर सगळ्यांनी पाहणं म्हणजे डोक्यात बसून चित्र जुळवणं असं धरलंय. जेम्स गिब्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम केलं आणि तो उलट निष्कर्षाला आला. विमान उतरवताना धावपट्टी डोळ्यांसमोर ज्या रीतीने पसरत जाते, त्या पसरण्यातच कुठे टेकायचं ते असतं. अंदाज बांधायला लागत नाही, हलत राहायला लागतं. १९७९ च्या त्याच्या पुस्तकात तो म्हणतो की आपल्याला आधी वस्तू आणि मग तिचा उपयोग असं दिसत नाही. कठडा धरण्याजोगा दिसतो, पायरी चढण्याजोगी दिसते. स्टेशनच्या जिन्यावर माझा विद्यार्थी काठीचं टोक कडेला लावतो तेव्हा त्याच्या तळहाताला पायरी काठीच्या टोकाशी जाणवते, तळहातात नाही.

आईंच्या मुली कधी येतात? बसलेल्या असताना, भिंतीकडे बघताना, असं तुम्हीच लिहिलंय. स्वयंपाकघरात कप शोधताना येतात का? मला वाटतं नसाव्यात. विचारून सांगा. आणि आईंना कामाला लावा. नुसतं बसवू नका.

---

नौपाड्याची लेक

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, तीन आठवडे दवाखान्यांत गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाव ऐकताच मान हलवली. रक्त, लघवी झाली, औषधांची यादी तपासली, न्यूरॉलॉजिस्टनी तासभर बोलून बघितलं. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले तर आई एकदाही चुकली नाही. वेड नाही. हे डॉक्टरांनी तिच्याकडे तोंड करून, तिला सांगितलं. रिक्षात बसल्यावर तिने माझा हात धरला तो नौपाड्यापर्यंत सोडला नाही.

पांढरी काठी दादा, तुम्ही म्हणालात तसंच. ओट्याशी उभी असताना कधीच नाहीत. दुपारी तीन ते पाच, कॉटवर, पश्चिमेचा उजेड भिंतीवर असतो तेव्हाच. आता त्या वेळात ती लसूण सोलते, शेंगा मोडते.

एक गोष्ट मी स्वतः चुकीची धरून चालले होते. मला वाटायचं, त्या मुलींचे कपडे म्हणजे आईनेच शिवलेले परकर, मनाच्या तळातून वर आलेले. मी तिला हे प्रेमाने म्हटलंसुद्धा. ती जवळजवळ रागावली. "माझे? अगं, त्या अंजिरी परकराचा काठ उलटा लावलाय. मागचे सुटे धागे बाहेर दिसतात. चुण्यांवर नक्षी जुळत नाही. असलं काम मी गिऱ्हाईकाला दिलं असतं का?" मग म्हणाली की पहिल्याच दिवशी तिला खात्री पटली होती, या मुली खऱ्या नाहीत. एक तर आपली नजर इतकी गेलेली असताना जरीचा धागा दिसणं शक्य नाही. आणि दुसरं, असा परकर घालून कुठली आई मुलीला घराबाहेर पाठवेल?

वाशीच्या ताईंना विचारलं तेव्हा त्यांनीही सांगितलं, की भासांतली माणसं बहुतेक वेळा अनोळखीच असतात, आपल्या आयुष्याशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. पण काठ बघून ओळखणं, ते मात्र आईचंच.

मुलाला मी हा सगळा धागा वाचायला दिला. ठिपक्याचा प्रयोग त्याने रात्री बारा वाजता केला आणि मला उठवून दाखवला. दुसऱ्या दिवशी आजीजवळ बसून म्हणाला, "आजी, मी चुकीचं बोललो. तू मला नीट सांग, काय दिसतं ते." तेव्हापासून त्याने एक वही केलीय. तारीख, वेळ, खोलीत उजेड किती, मुली किती, कपडे कुठले, काय केल्यावर गेल्या. आई सांगते, तो लिहितो. चुणी म्हणजे काय, नेफा म्हणजे काय, काठाची सुलट बाजू कशी ओळखायची, हे त्याला आधी शिकावं लागलं, म्हणून तिने पेटीतून जुने खणाचे तुकडे काढायला लावले आणि बोटांनी चाचपून त्याला दाखवले.

काल संध्याकाळची नोंद अशी आहे: चार वाजून दहा मिनिटं, तीन मुली, ट्यूबलाइट लावल्यावर दोघी गेल्या, अंजिरी परकरवाली राहिली, आजीने हात पुढे केल्यावर तीही गेली.